विषय : खुळखुळा फुलल्याबाबत

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. चौदा वर्षांपूर्वी एका माणसानं मला एक पाकीट पुण्याला पाठवायला दिलं. मी ते पाठवलं नाही. पाठवलं म्हणून सांगितलं, आणि महिन्याभरानं उत्तर आलं म्हणूनही सांगितलं. उत्तर मी बसल्या जागी तयार केलं होतं, चांगल्या शास्त्रीय भाषेत. पाकीट तेव्हा माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. दोन हातांवर.

हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी त्या माणसाच्या गमती सांगणार आहे, आणि त्या कोण सांगतोय हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

तो माणूस म्हणजे परसराम राठोड. घाटंजीच्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, तिथले प्रयोगशाळा परिचर. आता निवृत्त. त्यांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या रजेच्या अर्जावरून. मी नवीनच रुजू झालो होतो. एके सकाळी प्राचार्यांनी बोलावलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला.

“विषय : खुळखुळा फुलल्यामुळे एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, लालबर्डी टेकडीवरील खुळखुळा फुललेला असून सदर फूल दुपारी उमलते. तथापि सकाळी कळ्या मोजावयाच्या असल्याने अर्धी रजा पुरणार नाही. तरी मंजुरी मिळावी.”

अर्जदार बाजूलाच उभे होते. उंच, वाळके, खांद्याला पिशवी, जणू बस सुटायचीच वेळ झाली आहे.

“परसराम, असं कारण नियमात बसत नाही,” प्राचार्य म्हणाले.

“काय बसते साहेब नियमात?”

“आजारपण. लग्नकार्य. घरातली दुःखद घटना.”

“मंग लग्नच हाय ना! फूल म्हंजे दुसरं काय असते? इचारा सरायले.”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडलो वनस्पतिशास्त्राचा माणूस. फुलात पुंकेसर असतात, स्त्रीकेसर असतो, परागण होतं, हे मी पगार घेऊन शिकवतो. मला मान हलवावी लागली. रजा मंजूर झाली. पुढे दर भादव्यात तो अर्ज येत राहिला. दोन प्राचार्य बदलले, पण शेरा एकच : ‘पूर्वीप्रमाणे मंजूर.’

खुळखुळा म्हणजे काय, हे सांगायला हवं. माळरानावर, कुसळी आणि पवन्याच्या गवतात उगवणारी वीतभर, फार तर हातभर वाढणारी वनस्पती. तुरीच्या, तागाच्या नात्यातली. पिवळीधमक फुलं. पाऊसकाळात उगवायचं, भादव्यात फुलायचं, कार्तिकात शेंगा वाळवायच्या आणि मरून जायचं. एका वर्षाचा कारभार. शेंग फुगलेली असते. वाळली की आतले दाणे देठापासून सुटतात आणि शेंग हलवली की वाजतात. परसरामभाऊंच्या शर्टाच्या खिशात अशा सात-आठ शेंगा कायम असायच्या. त्यामुळे ते व्हरांड्यात शिरले की लॅबमधल्या पोरांना आधी आवाज यायचा आणि मोबाइल खिशात जायचे.

हा माणूस बसत नसे. लॅबमध्ये त्यांच्यासाठी एक स्टूल होतं. त्यावर मी कुंडी पाहिली, बादली पाहिली, वाळत घातलेले टीपकागद पाहिले. परसराम राठोड पाहिले नाहीत. “बसा की जरा,” म्हटलं की एकच उत्तर : “बसल्यानं काय होते?” हे त्यांचं ब्रीद होतं. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, परीक्षेच्या काळात सही उभ्यानं भिंतीला कागद लावून. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी गेलो होतो. तिथंही नवरीचा बाप मांडवातून चकरा मारत होता आणि भटजी त्यांच्यामागे.

मी मीटिंगला गेलो की वर्ग ते ताब्यात घेत. एकदा परतलो तर आतून आवाज येत होता. दाराशीच थांबलो.

“पोट्टेहो, हे फूल नाही, हे टूथपेस्टची ट्यूब हाय. पाहा. वरची मोठी पाकयी म्हंजे झेंडा. हा कायले? तर लांबून दुकान दिसाव म्हनून. बाजूचे दोन पंख. खालची ही होडी, हिले चोच हाय. आता भुंगा आला. बसला. त्याच्या वजनानं होडी दबली, की चोचीतून पिवयी पेस्ट बाहेर! लागली त्याच्या पोटाले. उडाला, की ट्यूब बंद. दुसरं गिऱ्हाईक आलं, पुन्हा थोडीशी. एका दिवसात सारं उधयत नाही, तुमच्या रिचार्जसारखं.”

एका मुलीनं विचारलं, “काका, पेस्ट ढकलते कोण?”

“शाबास! दहा पुंकेसर. पाच लांब, पाच गोल. लांबवाले पराग देऊन मोकये होते. गोलवाले मांगून ढकलते. घरात असतेच ना असं, एक कमावते, एक ढकलते.”

मी हेच फूल तीन व्याख्यानांत शिकवत असे. दार न उघडता मी स्टाफरूमला गेलो. त्या वेळी मला गंमत वाटली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. गंमत नव्हती.

त्यांचा कान आणखी वेगळा. पोरांनी त्यांचे डोळे रुमालानं बांधून शेंगा वाजवल्या. “हा बारा दान्याचा, नदीकाठचा. हा आठ दान्याचा, आपल्या बर्डीवरचा. आन हा,” ते थोडं थांबले, “यात कोन्या भैताडानं खडे भरले.” खडे भरणारा पोरगा पुढे याच विषयात एम.एस्सी. झाला.

वनस्पती दाबून वाळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन टीपकागदांच्या मध्ये वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात रोप, वरून वजन, आणि रोज कागद बदलायचा. मी कंटाळून दोन दिवस बदलत नसे. ते रविवारीही येत. वर्तमानपत्राच्या बाबतीत त्यांचे कायदे होते. “राजकारणाच्या पानात फूल कायं पडते. निधनवार्तेत ठेवाच नाही, ते बरं दिसत नाही. कापसाच्या भावाचं पान तर लांबच ठेवा सर, फूल उतरते.” मग कुठलं पान? शब्दकोड्याचं. त्यातही न सोडवलेलं. शाईचा डाग पडतो म्हणून.

त्यांच्या पत्नी, शेवंतावहिनी, या सगळ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत. तांड्यावर त्यांच्या घरी गेलो की पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता सुरुवात व्हायची. “सर, मी बी फुलाचंच नाव घेऊन आली या घरात. शेवंता. पिवयी बी हाय. या मानसानं माह्यासाठी एक दिवस रजा टाकली असंन तर इचारा.”

“तू बारमाही हायेस,” परसरामभाऊ अंगणात चकरा मारत म्हणायचे. “ते बिचारं वर्साचं पाहुनं.”

“आयकलं?” वहिनी मला म्हणायच्या. “मले तन म्हनून राह्यला.”

वहिनींची शिवणाची सुई मात्र कायम कॉलेजात असायची. वाळलेलं रोप जाड कागदावर टाके घालून शिवायचं असतं, त्यासाठी.

आता मूळ गोष्टीवर येतो. येणं टाळत होतो.

परसरामभाऊंचं म्हणणं होतं, की लालबर्डीवरचा खुळखुळा वेगळा आहे. लालबर्डी म्हणजे त्यांच्या तांड्यामागची तांबड्या मुरमाची टेकडी. “सर, बाकी ठिकानच्या शेंगा टकल्या. याच्या शेंगेले लव हाय, नववीतल्या पोट्ट्याच्या मिशीसारखी. झेंड्याच्या मांगं लाल रेघा हाय. आन चोच पाहा, पिळदार. हा त्यातला नाही.” चार-पाच वर्षं मी ते हसण्यावारी नेलं. मग एकदा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि रोप पुढे धरलं. लव होती. रेघा होत्या. चोचीला पीळ होता. मी जाडे ग्रंथ काढले, दोन दिवस जुळवून पाहिलं. जुळलं नाही.

“तुमी सांगा सर, काय हाय हे?”

“पुण्याला तज्ज्ञ आहेत. त्यांना पाठवू,” मी म्हणालो.

त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. मला लिहिता येणार नाही. त्यांनी रोप वाळवलं, वहिनींच्या सुईनं शिवलं, पाकीट केलं. खालच्या कोपऱ्यातली चिठ्ठी मी भरली : ठिकाण, दिनांक, संग्राहक, रवाना दिनांक. संग्राहकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. सवयीनं. त्यांनी वाचलं आणि पाकिटाची घडी नीट केली. रवाना दिनांकात मी दुसऱ्या दिवशीची तारीख टाकली आणि पाकीट माझ्या कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कारण विचाराल तर माझ्याकडे एक सभ्य कारण आहे. तरुणपणी एका परिषदेत मी उभं राहून एक वनस्पती नवी असल्याचं सांगितलं होतं. ती रस्त्याकडेची साधी वनस्पती निघाली, किड्यानं पानं कुरतडल्यामुळे वेगळी दिसत होती. सभागृह हसलं होतं. पुन्हा तसं व्हायला नको, असं मी स्वतःला समजावलं.

खरं कारण वेगळं. परसराम चुकले असते, तर मला चाललं असतं. ते बरोबर निघाले असते तर? वर्षानुवर्षं भांडी विसळणाऱ्या माणसाला जे दिसलं, ते प्राध्यापकाला दिसलं नाही, हे पुण्याच्या लेटरहेडवर छापून आलं असतं. मला ते नको होतं. एवढंच. हे वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

महिनाभर ते रोज विचारत. “आलं काय सर काही?” रागानं नाही, घाईनं. हातात काचेच्या बश्यांचा ट्रे आणि पाय दाराकडे. एके दिवशी मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “आलं. साधाच आहे तो.”

शेंगांचा आवाज थांबला.

“मंग लव?”

“जमिनीमुळे येते. पावसामुळे येते. एका वर्षाच्या एका रोपावरून काही ठरवता येत नाही, म्हणाले. दरवर्षी टिकते का ते पाहायला हवं.”

“असं म्हने काय,” ते म्हणाले. हातातला ट्रे सारखा केला. मग म्हणाले, “बरोबर हाय त्याईचं.” आणि बश्या धुवायला गेले.

त्यानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही. उलट कुणी डिवचलं, की “काय परसरामभाऊ, लागला का तुमच्या फुलाचा निकाल?” तर तेच सांगत, “सरानं पुण्यावरून तपासून आनलं. साधाच हाय.” सर हा शब्द ते मोठ्यानं उच्चारत. तांड्यावर शेवंतावहिनी म्हणायच्या, “आता तरी सोडा! साधं निघालं ना?” तर ते म्हणत, “निघू दे. साध्याले काय पाहू नये?”

रजेचा अर्ज मात्र थांबला नाही. दर भादव्यात येत राहिला. साध्या फुलासाठी हा माणूस अजून रजा का टाकतो, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. अर्ज टेबलावर दिसला की मी दिवसभर बेचैन असे. बर्डीचा रस्ता मी टाळायला लागलो. पांढरकवड्याकडे जायचं असलं तरी लांबून वळसा.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही निरोपसमारंभ ठेवला. मधोमध हार घातलेली खुर्ची. सत्कारमूर्ती तीवर बसेनात. प्राचार्य म्हणाले, “आज तरी बसा.” “बसल्यानं काय होते साहेब?” शेवटी शाल त्यांना उभ्यानंच घातली. त्या दिवसाच्या फोटोत आम्ही सगळे खुर्च्यांवर बसलो आहोत आणि ज्यांचा सत्कार आहे ते मागे उभे आहेत, पाण्याचे ग्लास घेऊन आल्यासारखे. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. “सगळ्या दिल्या सर. तुमच्या कपाटाची एक माह्यापाशी राह्यली. राहू देऊ?” मी म्हणालो, “राहू द्या.” मला वाटलं, आठवण म्हणून हवी असेल.

निवृत्तीनंतरही महिन्या-दोन महिन्यांनी ते कॉलेजात चक्कर टाकत. बहुधा मी तासावर असतानाच. “हवा पाह्यले आलतो,” म्हणायचे आणि निघायचे.

गेल्या वर्षी रस्त्याचं काम निघालं आणि लालबर्डीचा मुरूम उचलायला सुरुवात झाली. जेसीबी आला, टिप्पर आले. सात-बाऱ्यावर ती पडीत जागा. पडीत म्हणजे काहीच नाही, असा सगळ्यांचा समज. परसरामभाऊंची चाल दुप्पट झाली. झाडाचं काय, एक मोसम हुकला तरी ते उभं असतं. खुळखुळ्याचं तसं नाही. शेंगा पिकायच्या आधी माती उचलली, की पुढच्या वर्षी त्या जागी काही नाही. त्यांनी बिया गोळा केल्या. या बियांचं साल टणक असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून एकेक बी पॉलिशपेपरवर घासून ती स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पेरली.

“तालुक्यातले समदे लोक तन मारून राह्यले,” वहिनी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “आन आमचा बुढा तन पेरून राह्यला. शेजाऱ्यानं फवारनीचा पंप काढला, की हा त्याच्या आडवा. लोकं म्हंते, बाई, दवाखान्यात दाखव.”

“उगवलं का?”

“दहा-बारा उगवले. रोज उठून नमस्कार चमत्कार चालू हाय.”

यंदाच्या भादव्यात आमचा विभाग वरच्या मजल्यावर हलवायचं ठरलं. कपाटं रिकामी करायची होती. आमचा बाकीचा संग्रह परसरामभाऊ निवृत्त झाल्यापासून कुणी पाहिला नव्हता. कीड लागली होती. कागद उचलला की रोपाचा भुगा खाली पडायचा. मी माझं कपाट उघडलं. मागच्या बाजूला हात घातला. पाकीट तिथंच असणार हे माहीत होतं. भुगा असणार, हेही माहीत होतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटणार होतं.

डांबरगोळ्यांचा वास आला. ताजा. नाकात झोंबणारा.

पाकीट मी ठेवलं होतं त्यापेक्षा कितीतरी पट जाड होतं. उघडलं. वर माझा कागद, रंगसुद्धा शाबूत. त्याखाली दुसरा. खाली तिसरा. माझा एक आणि त्यांचे चौदा. प्रत्येक कागदावर लालबर्डीचं एक रोप, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं, शेजारी छोट्या पुडीत शेंगा. दुसऱ्या कागदावरची तारीख मी पाहिली. मी खोटं उत्तर सांगितलं, त्यानंतर नवव्या दिवसाची होती.

मग मी खाली बसलो आणि सगळे कागद फरशीवर मांडले. एक रोप हातभर. त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एक बोटाएवढं, दोन फुलांचं, तो दुष्काळ. एक कॉलेजला कुलूप होतं त्या वर्षाचं. ते त्यांनी कुलूप निघाल्यावर आणून ठेवलं असणार. निवृत्तीनंतरचीही सगळी. ओलं वर्ष, कोरडं वर्ष, बर्डीचा माथा, बर्डीचा पायथा. भिंग लावून पाहिलं. प्रत्येक शेंगेवर लव होती. प्रत्येक फुलामागे रेघा होत्या.

‘एका वर्षाच्या एका रोपावरून ठरवता येत नाही.’ कुणीही न पाठवलेल्या उत्तरातला तो आक्षेप. त्याचं उत्तर या माणसानं चौदा वर्षं गोळा केलं होतं.

मला वाटलं, कदाचित त्यांना कळलं नसेल. कदाचित त्यांना वाटलं असेल, की एक कागद पुण्याला गेला आणि हा दुसरा. अशी पळवाट मी त्या फरशीवर बसून शोधत होतो. मग चिठ्ठ्या वाचल्या. त्यांनी माझी चिठ्ठी नमुना म्हणून ठेवून चौदा वेळा उतरवली होती. संग्राहक : माझं नाव. चौदाही ठिकाणी. आणि रवाना दिनांक : कोरा. चौदाही ठिकाणी. सरांची इच्छा होईल तेव्हा भरायला जागा सोडलेली.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन तांड्यावर गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यामुळे जेसीबी बंद होता. शेवंतावहिनी धुऱ्यावर निंदत होत्या, खुळखुळ्याची रोपं सोडून. “जा,” त्या म्हणाल्या. “वर हाय. हजेरी घेऊन राह्यला फुलाईची.”

बर्डीची अर्धी बाजू कापलेली, लालभडक. उरलेल्या अर्ध्यावर कुसळी, आणि कुसळीत पिवळे ठिपके. परसरामभाऊ त्यातून झपाझप चालले होते. मी मागून गाठलं.

“परसरामभाऊ, मला एक सांगायचंय.”

“पायाखाली पाहा सर! रोप हाय.”

मी पाय उचलला. पाच पावलं गेलो. “ते पुण्याचं उत्तर...”

“हे पाहा,” त्यांनी एक मोडलेली, वाळलेली फांदी दाखवली. तिच्यावर सात-आठ केशरी फुलपाखरं चिकटली होती. “फुलावर नाही बसत हे. वायल्या काडीवर बसते, रस चाटते. आन सारे नर. गुत्त्यावर बसल्यावानी.”

“भाऊ, ऐका माझं.”

“तुमीच ऐका,” म्हणून त्यांनी खिशातली गेल्या वर्षाची शेंग माझ्या कानाशी धरून वाजवली. “किती दाने?”

मला सांगता आलं नाही. मग मी पिशवीतून पाकीट काढलं आणि पुढे धरलं.

त्यांनी ते पाहिलं. हात शर्टाला पुसले, पण पाकीट घेतलं नाही. आणि मग, बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं, ते खाली बसले. एका दगडावर, गुडघे जवळ घेऊन. बसलेले परसरामभाऊ फार लहान दिसले. मीही बाजूला बसलो.

मग ते म्हणाले, “डांबरगोया काढून घ्या. पोस्टात वास येते.”

“हो.”

“एक दिवस थांबा. यंदाचा कागद लावून देतो. मंग रवाना करा.”

मी पुन्हा तोंड उघडलं. ते समोर, कापलेल्या बाजूकडे पाहत होते. “साधाच निघू दे सर,” म्हणाले. “पन आपल्याच डोयानं पाह्याचं, आन आपनच ‘हो’ म्हनाचं. असं एकट्यानं किती वर्सं म्हनाव?”

यावर मी काय बोलणार होतो ते आजही मला माहीत आहे. शब्द तयार होते. पण ते उठले, मागची माती झटकली. “चला. बसल्यानं काय होते?” आणि खिसा वाजवत उताराला लागले. मी बोललो असतो तर त्यांना थांबावं लागलं असतं, मला माफ करावं लागलं असतं. तेवढीही तसदी त्यांनी मला घेऊ दिली नाही, आणि मी ती सवलत घेतली.

यंदाचं रोप त्यांनी दाबलं, वाळवलं, वहिनींनी स्वतः शिवून दिलं. सोळा कागद झाले. सोळाही चिठ्ठ्यांवर संग्राहक म्हणून मी परसराम राठोड हे नाव लिहिलं. माझ्या जुन्या कागदावरची खोटी तारीख खोडली, बाजूला सही केली, आणि सोळा रकान्यांत खरी तारीख टाकली. पोस्टातल्या बाईंनी पाकीट हुंगून विचारलं, “सर, यात काय आहे?” मी म्हणालो, “खुळखुळा.” त्यांनी हलवून पाहिलं.

उत्तर अजून आलेलं नाही. या वेळी परसरामभाऊ विचारत नाहीत. मीच रोज टपालाची वाट पाहत व्हरांड्यात चकरा मारतो, आणि पोरं मला “सर, बसा ना” म्हणतात. हा लेख छापून आला तरी त्यांच्यापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही. अंक हाती पडलाच, तर ते तो वाचणार नाहीत. शब्दकोड्याचं पान शोधतील आणि त्यात फूल दाबतील.

तेव्हा देणं अजून तसंच आहे. मी परसराम राठोडांना दोन गोष्टी देणं लागतो. एक म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून, तोंडानं म्हटलेलं एक वाक्य : मी ते पाठवलं नव्हतं. आणि दुसरं, उत्तर येईल तेव्हा, ते जे असेल ते, एक शब्द न बदलता वाचून दाखवणं.